गंगारामाची बुजवण

या, बसा. पिशवी ठेवा खाली. गाडीला अजून तास आहे, आणि ती वेळेवर आली तर ह्या मिशा मी स्वतः कापून तुमच्या हातात देईन. तोवर एक गोष्ट सांगतो. भुताची नाही, लग्नाची नाही, धरणाची आहे. तुम्ही म्हणाल, धरणात कसली आलीय गोष्ट, इकडं माती, तिकडं पाणी. ऐका तर खरं. आमच्या आंबेरकोंडचं धरण ज्या माणसानं घालवत आणलंन होतं, त्याच माणसानं राखलंन. आणि आज त्याच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर खालच्या वाडीच्या बायका विळा घेऊन अंगावर येतील.

पालीच्या बाजारातनं आत वळलात की कातळ लागतो. कातळ संपला की उतार, आणि उताराच्या तोंडाशी दोन डोंगरांच्या बेचक्यात धरण. लहानच. एक विडी ओढून होईस्तोवर ह्या टोकाचे त्या टोकाला पोचाल. मातीचं धरण. जादा पाणी जायला एका अंगाला सांडवा. खाली ओढा वाहतो, आमच्याकडं पऱ्या म्हणतात, पऱ्याच्या दोन्ही बाजूंना भाताचे कोपरे, म्हणजे खाचरं, आणि त्याच्या खाली वाडी, सत्तेचाळीस घरं. धरणाकडनं उतरलात की पहिलं घर गंगारामाचं. घरात तो, बायको आवडाबाई आणि सून मनिषा. मुलगा दीपेश जयगडला बंदरावर कामाला, आठवड्याला येऊन जाऊन.

गंगाराम म्हणजे मेरेचा माणूस. कोपऱ्यात पाणी अडवायला मातीचा बांध घालतात, ती मेर. पावसात कुर्ल्या, आपले खेकडे, तिला पोखरतात, आणि सकाळी बघावं तर कोपरा कोरडा, भात माना टाकून. मग गंगारामाला हाक. तो पाण्यात बसायचा, बीळ बोटांनी चाचपायचा, डोळे मिटून. बोटाला माती लागते का नुसतं पाणी, ते बघायचा. मग वारुळाची माती आणायचा, तिच्यात पेंढा तुडवायचा, बिळात ठासायचा आणि वरनं चोपण्यानं, म्हणजे लाकडाच्या जाड फळीनं, असा चोपायचा की मेर फुटेल पण बुजवण निघायची नाही. चाळीस पावसाळे हेच केलंन. त्रेसष्ट वय, पण दंड बघाल तर अजून फणसाच्या ओंडक्यासारखे.

तर पाच वर्षांमागं काय झालं. धरणाच्या बाहेरच्या अंगाला, अगदी पायथ्याशी दगडांची रांग होती, आणि त्या दगडांतनं बारा महिने पाणी झिरपायचं. करंगळीएवढी धार, पण खंड नाही. आवडाबाई तिथं कपडे धुवायची, बाजूला पावट्याचा वाफा करायची. कुणाला त्याचं काय नव्हतं. पण कुठंतरी दुसरीकडं धरण फुटल्याचं टीव्हीवर दाखवलं आणि वाडीला घाम फुटला. आपलं पण गळतंय! सरपंच बाबू गंगारामाकडं आला, म्हणाला, "तात्या, तूच बघ आता."

झालं. नऊ दिवस सगळी वाडी राबली. जांभ्याचे चिरे आणले, वारुळं फोडली, पेंढा घातला, आणि गंगारामानं ती दगडांची रांग ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत बुजवलीन. आवडाबाई एकटी म्हणाली, "आवो, पाणी निवळ हाय. माती नाय येत. जातंय ता जाऊं दे की."

"तुला कपडं धुवाया पायजेत म्हणून धरण गळाया ठेवू?" गंगाराम म्हणाला, आणि सगळी वाडी हसली. आवडाबाईपण हसली.

दहाव्या दिवशी पायथा कोरडा ठणठणीत. त्या वर्षी पहिल्यांदा मे महिन्यापर्यंत धरणात पाणी राहिलं. देवळात गावानं त्याला शाल-नारळ दिलान. तेव्हापासनं तो पऱ्यावरनं चालला की ह्याच्या त्याच्या मेरेकडं असा बघत जायचा की मालकालाच लाज वाटावी.

आता ह्या वर्षाचं ऐका. श्रावणातली गोष्ट. लावणी आटपली होती, धरण काठोकाठ भरलं होतं, आणि आठ दिवस पावसानं उघडीप दिलेली. कडक ऊन. आवडाबाई धरणाच्या बाहेरच्या उतारावर गाईला गवत कापत होती. सगळा उतार वाळलेला, पायाला खडे टोचत होते. आणि पायथ्यापासनं पुरुषभर उंचीवर तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. काढलान, तर फसक्कन आवाज. बघते तर खाटेएवढी जागा ओली आणि तिथं लव्हाळा माजलेला. लव्हाळा कुठं येतो, तुम्हाला ठाऊक आहे. जिथं पाणी मुरून राहतं तिथं. धरणाच्या उतारावर त्याचं काय काम?

तिनं लव्हाळ्याची एक पेंडी कापलीन, घरी आणलीन. गंगाराम भाकरी आणि कुळथाची पिठी खात होता. तिनं पेंडी त्याच्या ताटाशेजारी ठेवलीन.

"मी काय बैल हाय?" गंगाराम म्हणाला.

"बैलाला कळलं आसतं. हा धरणावर उगवलाय. वरच्या अंगाला."

त्याचा घास तिथंच राहिला. लव्हाळ्याचं मूळ त्यानं बोटांत चुरून बघितलंन. ओलं चिंब.

"कुर्लीचं बीळ आसंल," तो म्हणाला. "बुजवतो."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो आणि मनिषा निघाले. मनिषाच्या डोक्यावर माती, त्याच्या खांद्यावर चोपणं. बीळ शोधलंन, सापडलं नाही. तरी बारा घमेली माती त्यानं त्या ओल्या जागेवर चोपलीन. छान गुळगुळीत केलंन. खाली कोपऱ्यात तण उपटायला, बेणणीला, वाकलेल्या बायकांनी विचारलं, "काय वो तात्या, पुना गळती?"

"गळती कसली? धरणाचं आंग पुसलं," गंगाराम म्हणाला.

सकाळी जाऊन बघतो तर चोपलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी ओल आलेली. परत चोपलंन. तिसऱ्या दिवशी ओल अंगणाएवढी झाली. गंगारामानं हात घातलान तर कोपरापर्यंत आत गेला, आणि बोटांना माती हलताना लागली. हळूहळू, पीठ चाळल्यासारखी. चाळीस वर्षांत कुठल्या मेरेत असं लागलं नव्हतं. तो तिथंच बसून राहिला. मनिषा म्हणाली, "मामंजी, आजून माती आणू?" तर तो बोटांवरची माती बघत होता.

त्याच दिवशी, गुरुवारी, धरण बघायला पाटबंधारे खात्याची बाई आली. मृणाली नाव. नवीन बदलून आलेली, पंचविशीतली. स्कूटी कातळावर ठेवून गमबूट घालून चालत आलेली. एका हातात लोखंडाची सळी, दुसऱ्या हातात प्लास्टिकमध्ये नकाशा. बरोबर बाबू सरपंच, इस्त्रीच्या कपड्यात.

तिनं पायथ्याशी नकाशा उघडलान. "इथं निचऱ्याची चर दाखवलीय. दगडांची. कुठाय?"

बाबू खुलला. "मॅडम, ती गळती हुती. आमी बंद केली. खात्याला तरास नाय दिला. हे आमचे गंगातात्या, ह्यांनीच केली. नऊ दिवसांत."

"कधी?"

"पाच वर्सं झाली. थेंब येत नाय बगा."

बाईनं नकाशा मिटलान. उतार चढून ओल्या जागेपाशी गेली. सळी टोचलीन. सळी अशी गेली जशी लोण्यात. काढलीन, दुसरीकडं टोचलीन. मग चोपलेल्या मातीकडं बघत विचारलंन, "ही माती कुणी चोपलीय?"

"मी," गंगाराम म्हणाला, ताठ उभा राहून.

"काका, आता एक घमेलंसुद्धा टाकू नका."

"मॅडम, भोक पडलं की बुजवायचं. चाळीस पावसाळं करतोय. धरण म्हंजे काय वो, मोठी मेरच ना?"

"नाही काका." ती चढ्या आवाजात नाही बोलली, तेच वाईट झालं. ओरडली असती तर तो ओरडला असता. "मेर चार महिन्यांची. धरण बारा महिने पाणी धरून उभं. त्याच्या पोटात पाणी शिरणारच. ते खालच्या खाली बाहेर पडावं म्हणून बांधणाऱ्यांनी पायथ्याला वाट ठेवली होती. आत वाळू, मग खडी, मग दगड. त्यातनं पाणी जातं, माती जात नाही. ती वाट बंद झाली. मग पाणी आतल्या आत वर चढलं, आणि इथनं बाहेर पडायला बघतंय. इथं वाळू नाही की खडी नाही. इथनं आलं तर माती घेऊन येईल. आज मूठभर, उद्या घमेलंभर, आणि मग सगळंच."

खाली बेणणीच्या बायका कमरेवर हात ठेवून वर बघत होत्या. गंगारामाच्या हातातलं चोपणं खाली आलं. तो म्हणाला, "वाळू मी धुतलेली."

"काय?"

"धरण बांधलं तवा मी मजुरीला हुतो. तिशीत. मुकादम वाळू चार चारदा धुवाया लावायचा. आमी म्हणायचो, ह्याला काय याड लागलंय? पायथ्यात पुरायची वाळू, ती काय देवाला घालायची हाय?" स्वतःच्या हातानं घातलेली वाट त्यानं स्वतःच्याच हातानं बुजवलीन होती.

"सोमवारपासून पावसाचा जोर सांगितलाय," बाई म्हणाली. "चार दिवस आहेत."

तिनं तिथंच उभं राहून साहेबांना फोन लावलान, आणि धरणाचा दरवाजा जरासा उघडवून पाणी सोडायला लावलंन. एकदम नाही. एकदम पाणी उतरवलं तर आतला उतार घसरतो म्हणाली. दिवसाला हातभर.

दुपारी बाबू गंगारामाच्या पडवीत येऊन बसला. इस्त्री मोडलेली. "तात्या, बाई कागद करणार. कुणी बुजवलं ता लिवणार. आपण आसं म्हणू, जुनंच हाय, आमाला नाय ठावं. तुजं नाव कशाला? माजं तरी कशाला?"

गंगारामानं त्याच्याकडं असं बघितलंन जसा काही बाबूनं गंगारामाच्या ताटातला मासाच उचललान. "बाबू, ता काम कुणाचं हाय?"

"तुजंच, पण..."

"आंबेरकोंडात आसा चिरा दुसरा कुणी बसवतो? आसं चोपतो कुणी? आंधळ्यानं हात फिरवला तरी सांगंल, हा गंगारामाचा हात हाय. नाव लपवायचं आसतं तर काम वाईट केलं आसतं."

बाबू चहा न पिता गेला.

आवडाबाईनं ताट वाढलंन. तो बसला नाही. "जेवा," ती म्हणाली. "तुमी उपाशी ऱ्हायलात म्हणून पाणी खाली उतरत नाय."

"तू सांगत हुतीस."

"मी काय इंजिनेर? मी कपडे धुवीत हुते."

"पाणी निवळ हाय म्हणून सांगत हुतीस."

"सांगत हुते. तुमी हसलात, वाडी हसली. मंग मी पण गाठोडं घेतलं नि पऱ्यावर गेले धुवाया. पाच वर्सं पाय मोडले माजे त्या चढानं, ता नाय कुणी लिवणार कागदावर." तिनं भाकरी मोडून त्याच्या पुढ्यात ठेवलीन. "आता काय करता?"

"उकरतो."

"तुमच्यानं उकरंल?"

"मी घातलंय ना?"

"म्हणूनच इचारते."

तो हसला नाही, पण जेवायला बसला.

शुक्रवारी सकाळी देवळाच्या मंडपात सगळी वाडी जमली. बाईनं सांगितलंन, पाऊस ओसरेपर्यंत लोकांनी वरच्या शाळेत जाऊन राहायचं. आणि पायथ्याची बुजवण काढायची. जेसीबी नाही चालणार, त्याच्या हादऱ्यानं ओला उतार सुटेल. हातानं काढायची, तीसुद्धा पाच ठिकाणी, वीतभर रुंद. एक भोक निवळ वाहिल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

गंगारामाच्या शेजारघरचा बाळा उठला. तापट माणूस, घरात दोन महिन्यांचं तान्हं. "पाच वर्सं आमच्या डोस्क्यावर पाणी टांगून ठेवलंस तात्या! नि शाल पण घेतलीस!"

गंगाराम उठला. लुंगी नीट केलीन.

"होय," तो म्हणाला. "घेतली. शाल घरात हाय, पायजे तर आणून देतो. मी बुजवलंय, मी उकरतो. ज्याला माज्या हाताखाली काम करायची लाज वाटंल त्यानं वर शाळंत जावं. मी कुणाला कमी लेखणार नाय."

कुणी हललं नाही. मग म्हातारी सोनूबाई, जिला दोन पायांवर धड उभं राहता येत नाही, ती म्हणाली, "मी शाळंत जाते बाबा, पण लाजंनं नाय, गुडघ्यानं." आणि मंडप हसला. काम तिथनं सुरू झालं म्हणा.

म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं वर गेली. दीपेश रजा टाकून टेम्पो घेऊन आला, वाळू आणि खडी भरून. आवडाबाईनं बायकांना पऱ्यात बसवलंन. घमेल्यात वाळू घ्यायची, घोळायची, गढूळ पाणी सांडायचं, पुन्हा घोळायची. "चार वेळा धुवा गो," ती म्हणायची, "मुकादम बगतोय." मुकादम म्हणजे तीच.

आणि इकडं गंगारामानं पहार मारलीन.

अहो, पहार उडाली! चिऱ्यावर आदळून अशी मागं आली की त्याचं मनगट झिणझिणलं. पुन्हा मारलीन. टवका निघाला नखाएवढा. पाच वर्षांत ती वारुळाची माती दगडाच्या वर गेली होती. तासाभरात त्याचे तळवे फुटले. कपाळाचा घाम डोळ्यात. बाळा बघत होता, शेवटी त्यानं पहार हिसकावलीन.

"आण इकडं." दहा घाव घातलेन. काही नाही. "आयला, तात्या, घातलंस काय ह्यात?"

"वारूळ, पेंढा नि तुज्या बापाचा घाम. तोच हुता माज्याबरोबर चोपाया."

बाळाचा बाप वारून दोन वर्षं झालेली. बाळा थोडा वेळ त्या चिऱ्याकडं बघत राहिला. मग पहार मारत राहिला.

बाई बाजूला वहीत लिहीत होती. म्हणाली, "काका, खरं सांगू? काम इतकं पक्कं नसतं ना, तर पाण्यानं कधीच इथनं वाट काढली असती आणि वर चढलंच नसतं."

"म्हंजे काम वाईट केलं आसतं तर बरं झालं आसतं?"

"हो."

गंगारामानं तोंडावरचा घाम पुसलान. "ऐकलंस गो?" त्यानं पऱ्याकडं तोंड करून हाक मारलीन. "सरकारनं शिक्का मारलान, काम पक्कं हाय!"

"आता ता फोडा!" खालनं आवडाबाई ओरडली, आणि दोन्ही काठ हसले.

दुपारी जेवणाच्या वेळेला चिरा हलला. गंगाराम गुडघ्यावर बसून पहारेनं खालनं उचकटत होता. चिरा निघाला, आणि आतनं तांबडं पाणी पिचकारीसारखं त्याच्या छातीवर आदळलं. तो मागं पडला. कुणीतरी ओरडलं, "गेलं! धरण गेलं!" माणसं डोंगराकडं पळाली. बाबू सरपंच सगळ्यांत पुढं, चपला खालीच.

"वाळू!" बाई ओरडली. ती जागची हलली नव्हती, पण आवाज फाटलेला.

आवडाबाई, मनिषा आणि चार बायका घमेली घेऊन वर आल्या. गंगाराम परत गुडघ्यावर. त्यानं उजवा हात खांद्यापर्यंत भोकात घातलान आणि डोळे मिटलेन.

"काका, हात काढा!"

"थांब बाय." पहिल्यांदा तो तिला मॅडम नाही म्हणाला. "माती येत्येय. लागत्येय बोटाला... बारीक हाय... आता जाड... वाळू टाका माज्या हाताच्या बाजूनं. आजून. खडी नको आजून, वाळूच."

तो बोटांनी वाळू आत सारत होता, दाबत होता, जशी त्यानं हजार बिळं दाबली होती. फक्त ह्या वेळी बंद करायला नाही. एक घमेलं, दोन, सहा. मग खडी. बाळा खडी ओतत होता. मग दगड, एकेक, बाईनं दाखवलेल्या जागी.

"आता?" बाई म्हणाली.

गंगाराम आतल्या आत बोटं फिरवत राहिला. पाणी त्याच्या हनुवटीवरनं गळत होतं. "आता नाय लागत. नुसतं पाणी हाय."

बाईनं काचेची बाटली दिलीन. आवडाबाईनं ती धारेखाली धरलीन आणि उन्हाकडं केलीन. तळाला नखभर तांबडं बसलं. अर्ध्या तासानं दुसरी भरलीन, त्यात त्याहून कमी. तिसरी. चौथी. पाचव्या बाटलीतनं तिनं गंगारामाच्या तोंडाकडं बघितलंन. आरपार. त्याच्या मिशीला लागलेली माती दिसत होती.

"निवळ हाय," ती म्हणाली. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

पळालेली माणसं एकेक करून खाली आली. बाबू चपला शोधत होता. बाळा म्हणाला, "सरपंच, तुमच्या चपला धरण राखायला थांबल्या हुत्या." बाबूनं शिवी दिलीन आणि गपगुमान घमेलं उचललंन. मग दोन दिवस त्यानं ते खाली ठेवलंन नाही, हेही सांगायला हवं.

शनिवारी दोन भोकं, रविवारी दोन. सगळी तशीच, गंगारामाचा हात आत आणि आवडाबाईची बाटली बाहेर. तळव्यांना फडकी बांधलेली, ती लाल झाली की मनिषा बदलायची. रविवारी दुपारी ओल्या उतारावरसुद्धा वाळू, खडी आणि दगडांचा थर दिला. संध्याकाळी बाईनं सळी टोचलीन. चार बोटं गेली आणि थांबली. तिनं पुन्हा टोचलीन. थांबली. बाई तिथंच उतारावर फतकल मारून बसली आणि डोळे पुसलेन. आवडाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवलान. "रड गो बाय," ती म्हणाली, "धरणाला बघ कसं बरं वाटलंय. तुला पण वाटंल."

सोमवारी पाऊस आला. कसला पाऊस! पाच दिवस समोरचा डोंगर दिसला नाही. सांडवा असा गर्जत होता की शाळेत बोललेलं ऐकू येत नव्हतं. दिवसाउजेडी दर तासाला गंगाराम इरलं घेऊन पायथ्याला जायचा, पाचही धारांत बोटं घालायचा, आणि खालनंच हात वर करायचा. शाळेच्या ओसरीवर सगळी वाडी त्या हाताची वाट बघत उभी असायची. धारा अंगठ्याएवढ्या झाल्या, मनगटाएवढ्या झाल्या, पण गढूळ झाल्या नाहीत. चौथ्या दिवशी बाळाची बायको तान्ह्याला घेऊन ओसरीवर आली. गंगारामाचा हात वर झाला, तसं तिनं तान्ह्याचा हात धरून वर केलान. मी होतो तिथं. मीपण हात वर केला, खोटं कशाला सांगू.

सहाव्या दिवशी पाऊस ओसरला, वाडी घरी आली. सत्तेचाळीस घरांतलं एकही भिजलं नव्हतं. म्हणजे पावसानं भिजलं होतं, ते सोडा.

बाई कागद घेऊन आली. गंगाराम पडवीत बसलेला, तळवे तेल लावून पसरलेले. बाईनं वाचून दाखवलंन. ग्रामस्थ श्री. गंगाराम यांच्या सहकार्याने पायथ्याचा निचरा मोकळा करण्यात आला.

"आदी काय लिवलंयस?"

"आधी म्हणजे?"

"बुजवला कुणी?"

बाईनं कागद खाली धरलान. मग म्हणाली, "अज्ञात कारणाने निचरा बंद झाल्याचे आढळले, असं लिहिलंय. तुम्हाला त्रास नको म्हणून."

गंगाराम सरसावून बसला. "अज्ञात? मी अज्ञात? खोड ता. लिव, बुजवला गंगारामानं, उकरला गंगारामानं. दोनी लिव. एकच लिवलंस तर मी सही करणार नाय."

बाईनं आवडाबाईकडं बघितलंन. आवडाबाई म्हणाली, "लिव बाय. नि खाली लिव, वाळू बायकांनी धुतली. चार वेळा."

तसं लिहिलंन. सही करताना त्याच्या बोटांत पेन धरवत नव्हतं, तर आवडाबाईनं मनगट धरलंन. मोठी, वाकडीतिकडी, अर्धा कागद खाल्लेली सही. आमच्या पंचायतीत त्याची प्रत आहे. आलात कधी तर दाखवतो.

तर बघा. तुम्ही कुठल्या गावचे ते मी विचारलं नाही, आणि गाडीचा आवाज यायला लागलाय, म्हणजे मिशा गेल्याच माझ्या. पण तुमच्या अंगाला असं मातीचं धरण असेल तर एकदा पायथ्याला जाऊन बघा. पाणी झिरपत असेल आणि निवळ असेल तर झिरपू द्या. गढूळ दिसलं तर धावत जाऊन खात्याच्या माणसाला गाठा. आणि कुणी डोक्यावर घमेलं घेऊन ते बुजवायला निघालेला दिसला, तर त्याला थांबवा. पण एक सांगतो, शिव्या नका देऊ. तो गावातला कामाचा पक्का माणूस असणार, गावासाठीच निघालेला असणार. त्याचं घमेलं उतरवून घ्या, त्याला शेजारी बसवा, आणि त्याच्या बायकोला काय वाटतं ते आधी विचारा. एवढं माझ्यासाठी कराच.